मुकुंदचा क्लब

फोन रफीकचा आला. दुपार होती. मी हॉस्पिटलमधून घरी येऊन, आंघोळ करून, वरण-भाताचा कुकर लावला होता, कारण संध्याकाळी पुन्हा डबा घेऊन जायचं होतं. तसा फोन यायचा तर सिस्टरचा यायला हवा होता, किंवा माझ्या मुलीचा, गौरीचा, कारण ती तिथेच बसलेली होती. पण रफीक होता, आणि तो एवढंच म्हणाला, "वहिनीजी, आप आ जाइए." आवाज अगदी शांत. या माणसाचा आवाज मी तीस वर्षं आमच्या बैठकीतून ऐकत आले आहे, आणि तो कधीही शांत नव्हता... त्यामुळे मला पुढे काही विचारावं लागलं नाही. मी गॅस बंद केला आणि खुर्चीवर बसून राहिले. उठवेना. दुःख नंतर आलं, आधी आला तो थकवा. आधी माझे यजमान, मग सासूबाई, आता मुकुंद. या घरातून दवाखान्यात डबे न्यायचे ते आता संपले, असं मनात येऊन गेलं, आणि मग मी साडी बदलून रिक्षा शोधायला निघाले.

सकाळी मी तिथून निघाले तेव्हा मुकुंद जागा होता. घसा पार बसला होता, तरी त्याने हाताने जवळ बोलावलं आणि विचारलं, त्या पोराचं काय झालं? हे पोर म्हणजे पोर्तुगालमधला कुणी एक तरुण बचावपटू. इंग्लंडमधल्या एका फुटबॉल क्लबाने त्याला विकत घ्यावं की घेऊ नये, यावर मुकुंद आणि रफीक यांचं त्या खोलीत कितीतरी दिवस चाललं होतं. मी म्हटलं, मला काय माहीत, रफीकभाई येतील त्यांना विचार. तर म्हणाला, "नाही घ्यायला पाहिजे त्याला, वहिनी. फालतूमध्ये घाई करून राहिलेत." हे त्याचं माझ्याशी बोललेलं शेवटचं वाक्य. भेटायला आलेले लोक हळूच विचारतात, शेवटी काही बोलले का? मी नाही म्हणून सांगते. दुसरं काय सांगणार!

मुकुंद माझा धाकटा दीर. नुकतीच साठी ओलांडली होती. इंदूरच्या मल्हारगंजातल्या आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर त्याचं कर-सल्लागाराचं ऑफिस होतं आणि गल्लीतल्या निम्म्या दुकानदारांचे रिटर्न तोच भरायचा. मी देवासहून लग्न होऊन या घरात आले तेव्हा तो कॉलेजात जायला लागला होता. पहिल्याच आठवड्यात मी त्याला भावजी म्हणून हाक मारली, तर म्हणाला, भावजी म्हटलं की मिशा पिकल्यासारखं वाटतं, मुकुंद म्हणा. तेव्हापासून तो मला मुकुंदच होता, अरे-तुरेतला, आणि मी त्याची 'तुम्ही' वहिनी. गौरी चौथीत असताना माझे यजमान थोड्याच दिवसांच्या आजारात गेले. त्यानंतर वर्षभरात मुकुंदला पुण्याच्या एका मोठ्या फर्मचं बोलावणं आलं. चांगली जागा होती, आणि तिथली एक मुलगीही त्याला सांगून आलेली होती. मी त्याला समोर बसवून स्पष्ट सांगितलं की तू जा, माझी शाळेतली नोकरी आहे, आमचं भागेल. त्याने ऐकून घेतलं, हो हो केलं, आणि गेला नाही. पुढे कधी विषय काढला तर म्हणायचा, पुण्यात पोहे खायला दुपारी एक वाजता लाज वाटते, इथे नाही वाटत. एवढ्यावर तो विषय संपायचा. गौरीच्या शाळेच्या पालकसभेला तो जायचा, आणि तिच्या लग्नात कन्यादानाला तोच बसला.

फुटबॉल आमच्या घरात केबलबरोबर आला. तोवर मुकुंद इंदूरच्या इतर पोरांसारखा क्रिकेटचाच होता. एका शनिवारी संध्याकाळी चॅनल बदलता बदलता त्याला ती इंग्लंडमधली मॅच दिसली. एक टीम सपाटून हरत होती, पाऊस पडत होता, आणि तिचे लोक छत्र्याबित्र्या न उघडता उभे राहून गात होते. तो ते बघत बसला. मग कुठून कुठून माहिती काढून त्याने मला सांगितलं की ते गाव कापडाच्या गिरण्यांचं आहे आणि त्या सगळ्या बंद पडल्यात. "आपल्यासारखंच आहे, वहिनी. मिला गेल्या आणि हा क्लब तेवढा राहिला." सासरे इथल्या एका मिलमध्ये कारकून होते. त्यांची मिल बंद पडली ती हकिकत पुढे सांगते, कारण तिचा या गोष्टीशी संबंध आहे. पण त्या दिवसापासून मुकुंद त्या क्लबाचा झाला. ते गाव त्याने कधी पाहिलं नाही. पासपोर्टही काढला नाही.

रफीकचं कोपऱ्यावर मोटरसायकलच्या स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे. तो मुकुंदचा अशील म्हणून आला आणि मॅच बघायला थांबला तो थांबलाच. बँकेतले पुराणिक मग येऊन मिळाले. दर शनिवारी आमची बैठक या तिघांची. मी आतल्या खोलीत शाळेतल्या मुलींच्या वह्या तपासत बसायचे आणि कानावर सगळं यायचं. खेळ चालू असताना हे लोक बरे असायचे. खरा गोंधळ उन्हाळ्यात, जेव्हा खेळ बंद असतो आणि क्लब एकमेकांचे खेळाडू विकत घेतात. तेव्हा तर रोजच बैठक. मला वाटायचं, स्थळं बघताहेत. उंची किती, वय काय, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय ते लपवताहेत का, आधीच्या घरी कुणाशी पटलं नाही म्हणून निघतोय की पैशासाठी... अमका घेऊ नका, तमक्याचा भाऊ जास्त चांगला. ज्याने स्वतःला आलेलं प्रत्येक स्थळ परत पाठवलं, तो माणूस तिथे बसून परक्या देशातल्या पोरांची पारख करायचा. मी एकदा चहा देताना हे बोलून दाखवलं तर पुराणिक इतके हसले की कप सांडला. मुकुंदही हसला.

वाद नेहमी एकच. क्लब गरीब होता, दर उन्हाळ्यात चांगला खेळाडू मोठ्या क्लबाला विकावा लागायचा. मुकुंदचं म्हणणं, विका, हरकत नाही, पण आलेला पैसा गावातल्या पोरांना शिकवण्यात घाला, विशीच्या आतले घ्या, थांबा. तो क्लबाचे वार्षिक हिशोब इंटरनेटवरून काढून वाचायचा, ऑफिसातल्या फायली वाचाव्या तसे, आणि त्यांच्या पोरांच्या अकादमीवर खर्च वाढला की त्याला घरात कुणी पास झाल्यासारखा आनंद व्हायचा. रफीकला हे अजिबात मान्य नव्हतं. तो म्हणायचा, एक ढंगाचा स्ट्रायकर आणा, गोल मारणारा, बाकी सब बातें हैं. पोरं मोठी होईपर्यंत आपण राहणार का? मुकुंद म्हणायचा, क्लब तर राहील. हेच संवाद, त्याच क्रमाने, वर्षानुवर्षं. मी आतून पुढचं वाक्य सांगू शकले असते.

मग काही वर्षांपूर्वी तो क्लब विकला गेला. एका अतिश्रीमंत परदेशी कंपनीने घेतला. रफीक त्या दिवशी दुकान लवकर बंद करून आला. त्याची बायको, शबाना, कोरोनात गेलेली. मुलगा दुबईला. तो घरात एकटा असायचा आणि बऱ्याच दिवसांनी त्याचा चेहरा उजळलेला मी पाहिला. आता स्ट्रायकर येणार, एक काय, तीन येतील. आणि तसे ते आलेही. पण नव्या मालकांनी पहिल्याच उन्हाळ्यात अकादमी बंद केली, पोरांना घरी पाठवलं, आणि जुनं मैदान विकून गावाबाहेर मोठं स्टेडियम बांधायचं जाहीर केलं. मुकुंदने ती बातमी फोनवर वाचली आणि फोन उलटा करून ठेवला.

सासऱ्यांची मिल अशीच विकली गेली होती. नवा मालक आला तेव्हा घरी पेढे आले होते, मी स्वतः खाल्लेत. आता नवी यंत्रं येणार, सगळं मार्गी लागणार. वर्ष गेलं आणि यंत्रं यायच्याऐवजी जुनी निघायला लागली, ट्रकमधून. मालकाला मिल नको होती, तिच्याखालची जमीन हवी होती. सासरे रोज डबा घेऊन जायचे आणि रिकाम्या होत जाणाऱ्या शेडसमोर बसून परत यायचे. मुकुंद तेव्हा नुकता कामाला लागलेला, स्कूटरवरून त्यांना आणायला तोच जायचा. या दिवसांबद्दल तो फारसा बोलत नसे. क्लबाची ती बातमी आली त्या शनिवारी मात्र रफीकला म्हणाला, "मैं ये देख चुका हूँ, रफीक. मैं अब नहीं देखूँगा." रफीकला वाटलं, रागात बोलतोय. त्याने समजावलं, पुराणिकांनी समजावलं. शेवटी रफीक म्हणाला, "इतने साल से हार देख रहे हैं, यार. अब जीतने का टाइम आया तो तू उठ के जा रहा है?" मुकुंद म्हणाला, "तुम लोग जीतो ना. मैं रोक थोड़े रहा हूँ." तुम लोग... इतकी वर्षं 'अपन' म्हणणाऱ्याचे हे दोन शब्द रफीकला लागले. ते त्याच्या तोंडावर दिसलं. तो चहा न घेता गेला, आणि पुढच्या शनिवारी आला नाही. पुराणिक दोनदा आले, त्यांनाही करमेना, मग तेही थांबले.

मी आधी सुटकेचा निःश्वास टाकला. कप कमी, आवाज कमी. पण शनिवारची संध्याकाळ आमच्या घरात आता फार मोठी व्हायला लागली. मुकुंद म्हणाला, वहिनी, आपण लालबाग पॅलेसला फिरायला जाऊ या, तुमच्या गुडघ्यांना चांगलं. आम्ही जायला लागलो. तो पुढे, मी मागे. जत्रेचे दिवस असले की गर्दीतून, नाहीतर नुसतेच झाडांखालून. मधेच त्याच्या खिशात फोन थरथरायचा. तो थांबून चपलेत खडा गेल्यासारखं करायचा, पाठ वळवून फोन बघायचा, आणि पुढे चालायला लागायचा. चालण्यावरून मला कळायचं, जिंकले की हरले. मी कधी विचारलं नाही. एका माणसाला आपला हट्ट सांभाळताना इतकं दमलेलं पाहिलं की विचारवत नाही.

त्याच मोसमात क्लबाने कप जिंकला. आमच्या आठवणीत पहिल्यांदाच. दुसऱ्या दिवशी सकाळी रफीक मावाबाटीच्या मिठाईचा डबा घेऊन दारात उभा. मी आत या म्हटलं. मुकुंद पेपर वाचत होता. त्याने उठून एक मावाबाटी घेतली, अर्धी खाल्ली, आणि म्हणाला, "मुबारक हो." शेजाऱ्याच्या मुलाचा निकाल लागल्यावर म्हणतात तसं. रफीक डबा टेबलावर ठेवून गेला. मुकुंदने उरलेली अर्धी मावाबाटी बशीत ठेवली आणि पेपर पुन्हा उघडला. पान मात्र उलटलं नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यात त्याचं पोट दुखायला लागलं. आधी ॲसिडिटी, मग अल्सर, मग पुष्कळ तपासण्या, आणि मग डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावून दार लावून घेतलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर, पसरलेला. मुकुंदने शांतपणे कागद घडी करून खिशात ठेवले आणि मला म्हणाला, चला, रिक्षा करू, आज तुम्ही चालू नका. केमो सुरू झाली. रफीकला आम्ही कळवलं नव्हतं. मुकुंद नको म्हणाला होता. पण पुराणिकांकडून त्याला कळलंच. दुसऱ्या केमोच्या दिवशी मुकुंदला सलाईन लावलेलं, मी बाजूला स्टुलावर, आणि रफीक दारातून आत आला. हातात काही नव्हतं, ना फळं ना फुलं. तो पलंगाच्या पायाशी बसला. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते. मला वाटलं आता माफ्याबिफ्या मागतील, म्हणून मी उठायला लागले. तेवढ्यात रफीक सलाईनच्या बाटलीकडे बघत म्हणाला, "लेफ्ट बॅक कोई चाहिए अपने को."

मुकुंदचे डोळे मिटलेलेच होते. तो म्हणाला, "लेफ्ट बॅक ठीक है. तेरा स्ट्रायकर वापस नहीं दौड़ता, इसलिए लेफ्ट बॅक खराब दिखता है. तीन मॅच से यही चल रहा है."

रफीकने एकदम माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. न बघणाऱ्या माणसाला तीन मॅचमधलं सगळं, डाव्या बाजूच्या बचावपटूपर्यंत, ठाऊक होतं. रफीक पायाशी होता तो उशाकडे सरकला, आणि दोघांचं सुरू झालं. त्यानंतर प्रत्येक केमोला तो दुकान बंद ठेवून यायचा. नव्या मालकांचा विषय निघाला की मुकुंद अजूनही तेवढाच कडवट व्हायचा. रफीक ऐकून घ्यायचा, मग म्हणायचा, बरं, मालक चोर आहे, मान्य, पण उजव्या बाजूला कोण? एकदा सिस्टरने मला बाहेर बोलावून विचारलं, अंकलजींचा बिझनेस काय आहे, सारखे खरेदी-विक्रीचं बोलतात. मी म्हटलं, इन्कम टॅक्सचं काम करतात. तिला ते पटलेलं दिसलं नाही.

मे महिन्यात डॉक्टर म्हणाले, औषधं आता लागू पडत नाहीत. मुंबईला एक नवी ट्रीटमेंट आहे, खूप खर्चिक, आणि उपयोग होईलच असं नाही, झाला तर थोडेसे महिने मिळतील. मुकुंदने तिथल्या तिथे नको म्हटलं. गौरी रडली. या घरात नको म्हणताना मी त्याला अनेकदा पाहिलं होतं आणि तो बदलत नाही हे मला माहीत होतं. पण रफीक हटून बसला. दोन दिवस त्याने फोन करून करून मुंबईची सगळी माहिती काढली, दुकानावर कर्ज मिळतंय हेही बघून आला, आणि पलंगाशी बसून म्हणाला की तिकिटं काढतोय, मी सोबत येणार, तू फक्त हो म्हण. मुकुंदने त्याचं सगळं बोलणं होऊ दिलं. मग त्याच्या हातावर हात ठेवून विचारलं, "सच बता, रफीक. इस उमर में, इस हालत में, इतने पैसे में... मेरे जैसे को तू खरीदता क्या?"

रफीक खाली बघत राहिला. मग तो म्हणाला, "लोन पे ले लेता."

मुकुंद हसला. हसताना पोटात कळ आली तरी हसत राहिला. ज्यांना खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, पूर्ण विकत घेणं परवडत नसेल तर क्लब दुसऱ्याचा खेळाडू थोड्या काळापुरता मागून आणतात, मोसम संपला की परत द्यायचा, त्याला लोन म्हणतात. हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं, कुणी समजावलं नाही. मी खिडकीशी गेले आणि पडदा सारखा करत राहिले. मुंबईचा विषय त्या दिवसानंतर निघाला नाही.

नंतरचे दिवस थोडे घरी, थोडे दवाखान्यात गेले. खेळ बंद होता, खरेदीचा मोसम चालू होता. रफीक रोज बातम्या आणायचा आणि मुकुंद पडल्या पडल्या बहुतेक सगळ्यांना नको म्हणायचा. तो गेला तेव्हा खरेदी अजून चालू होती. पोर्तुगालचा तो मुलगा चार दिवसांनी क्लबाने घेतला, असं मला पुराणिक म्हणाले. दहाव्याला घाटावर उभं असताना, अगदी हळू आवाजात. त्यांनाही ते कुणाला तरी सांगायचंच होतं.

गौरी महिनाभर राहून बंगळुरूला गेली. जाताना म्हणाली, आई, तू तिकडे ये, किंवा खालचं ऑफिस तरी भाड्याने दे. बघू म्हटलं. खरं तर मला सध्या काहीच ठरवावंसं वाटत नाही. दुपारी पाठ टेकते ती संध्याकाळीच जाग येते. ऑफिसातल्या फायली लोक येऊन घेऊन जाताहेत, आणि प्रत्येक जण थोडा वेळ उभा राहतो.

गेल्या शनिवारी खेळाचा नवा मोसम सुरू झाला. रफीक येईल की नाही मला माहीत नव्हतं, त्यालाही नसावं. पण आला. बैठकीत त्याच्या नेहमीच्या जागी बसला, मी टीव्ही लावून दिला आणि पहिल्यांदाच आत न जाता दिवाणावर बसले. पुराणिकांना ताप होता. पडद्यावर पोर्तुगालचा तो मुलगा दिसला. रफीक स्वतःशीच म्हणाला, लड़का ठीक है, लंबा है. आणि लगेच, दुसऱ्याच आवाजात, मुकुंद बोलायचा तसं सावकाश, मान किंचित तिरकी करून, "पण घाई झाली. एक साल रुकना था." मी चमकून पाहिलं. त्याला स्वतःला ते कळलं नसावं. तो पुढे बोलतच राहिला, एकदा आपली बाजू, एकदा मुकुंदची. दोन्ही बाजू तेवढ्याच जोराने. मुकुंदची कदाचित जरा जास्तच चांगली, कारण ती त्याने इतकी वर्षं ऐकून ऐकून खोडून काढलेली होती.

हाफ टाइमला त्याने माझ्याकडे वळून विचारलं, "आप बताइए वहिनीजी. लेना था कि नहीं?"

या घरात हा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता. पडद्यावर तो मुलगा पाणी पीत होता. दमलेला, घामाने ओला, एवढंसं तोंड, परक्या गावात आलेला. मी म्हटलं, "नव्हता घ्यायचा. थोडं थांबायला हवं होतं."

"देखा," रफीक म्हणाला, "आप भी उसी की तरफ़ हो." तो हसला, चष्मा काढून रुमालाने पुसत बसला, बराच वेळ पुसला. मी उठून चहा टाकायला गेले. आतून मला त्याचा आवाज ऐकू येत होता. तो मला, मोठ्याने, सांगत होता की मी कशी चुकतेय.